भोकं पाडायची परवानगी

३ मार्च

लाडके भिंगरे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही. फेकता येतं, पण माझं अक्षर तू फेकणार नाहीस. हे अक्षर काढताना माझी काय दशा होते, ते तू मांडीशी बसून पाहिलेलं आहेस. चौथीत शाळा सुटली माझी, आणि चौथीतलं निम्मं वर्ष गोवरात गेलं. तेव्हा शुद्ध-अशुद्ध बघू नकोस, मजकूर बघ.

आधी आनंदाची बातमी. मला गोल्फ क्लबनं भाषणाला बोलावलंय! तुझ्या आजीला! मेंबरांच्या सभेत, माइकसमोर!

त्याचं झालं असं. शिवलेले झेंडे द्यायला मी क्लबात गेले होते. ग्रीनवर, त्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू पडायच्या भोकात उभे करायचे झेंडे अजून मीच शिवते, या वेळी पिवळं कापड आणलंय, लांबून पिकल्या लिंबासारखं दिसतं. तर तिथं दातवाले डॉक्टर भेटले. तेच गं, चेंडू तळ्यात गेला की तळ्याला शिव्या देणारे. म्हणाले, "आजी, तुमचा मुलगा यंदा ग्रीनची चाळण करायची म्हणतोय. अहो, स्पर्धा तोंडावर आली आणि याला भोकं सुचतायत!"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही झोपताना टोपी काढता की नाही?"

"काढतो की."

"का काढता?"

"डोकं उबतं."

"मग गवताचं पण डोकं उबतं. मेलेल्या गवताचा थर साचून साचून टोपी बसलीय त्याच्या डोक्यावर, आणि तुम्ही सगळे त्या टोपीवर बूट घालून चालताय. भोकं पाडल्याशिवाय हवा जायची कुठून?"

डॉक्टर इतके हसले की चहा सांडला. आणि अध्यक्षसाहेब मागच्याच टेबलावर बसलेले! मला वाटलं, आता मेले. पण ते म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाच्या तोंडून वर्षभरात दोन वाक्यं नीट ऐकली नाहीत मी. पुढच्या रविवारी, बारा तारखेच्या सभेत तुम्हीच सांगा काय ते." मी एका दमात हो म्हटलं. घरी येईस्तोवर पाय जमिनीला लागत नव्हते. कुठली साडी नेसू ते आत्ताच ठरवलंय, निळी, काठाची.

सभा त्याच हॉलमध्ये आहे. गेल्या वर्षी तू जिथं उभी राहिली होतीस. तू सगळ्यांना तोंडावर सांगितलंस की तुम्ही गवताचा गळा आवळताय, आणि अध्यक्षांनी तुझ्या बाबाकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" आणि तो म्हणाला, "लहान आहे ती. यंदा राहू द्या भोकं." आणि भोकं नकोत म्हणून सगळ्यांचे हात वर झाले. ते मी काही काढत नाही इथं. तुला आठवतं, मला आठवतं, आणि त्याला तर रोजच आठवतं.

बाबा ठीक आहे. म्हणजे जेवायला बसतो, ताटात बोट फिरवतो आणि उठतो. पण ठीक आहे. गवत तेवढं ठीक नाही. सकाळी दव असतं तोवर हिरवं दिसतं, दव उडालं की रंगही उडतो. पाणी घातलं तर वरच उभं राहतं, खाली उतरत नाही. तळ्याजवळच्या ग्रीनवर, तू पहिल्यापासून सांभाळलेल्या तुझ्या ग्रीनवर, ओंजळभर टक्कल पडलंय. तो रोज संध्याकाळी तिथं जाऊन गुडघ्यावर बसतो. लोकांना वाटतं काहीतरी हरवलंय.

भिंगरे, तू शिकलेली आहेस या गवतातलं, आणि आता तिकडे परक्या क्लबचं गवत सांभाळतेस. मला चार ओळी लिहून पाठव. मेंबरांना काय सांगू, कसं सांगू. पत्ता तोच आहे, मशीनच्या शेडमागची खोली. अजून तरी.

आजी


८ मार्च

भिंगरे,

चार ओळी नाही आल्या. टपाल हळू चालत असेल. मी पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, "आजी, तुमचं पत्र आलं तर मी पळत येईन." गेट उघडं ठेवलंय त्याच्यासाठी.

तू नाही लिहिलंस म्हणून मी बाबालाच धरलं. म्हटलं, "मला शिकव." आणि भिंगरे, तो बोलला! गवताबद्दल विचारलं की बोलतो बघ. बाकी कशाबद्दल विचारलं की भिंत बरी. त्यानं मला ग्रीनवर नेलं आणि पोकळ नळी मातीत दाबून एक कांडी बाहेर काढली, खडूएवढी. म्हणाला, "आई, वास घे." मी घेतला. सडक्या अंड्यासारखा! मधे काळा थर, काजळासारखा. म्हणाला, "खाली हवाच नाही. मुळं बघ कुठवर गेलीत." मी बघितलं. माझ्या नखाएवढी. "उन्हाळा चढला की एवढ्याशा मुळांना पाणी मिळणार नाही, महिनाभरात सगळं पाचोळा."

मी विचारलं, "दातवाले डॉक्टर म्हणतात, डोंगरातल्या क्लबात भोकं थंडीच्या तोंडावर पाडतात, तसं आपणही करू. त्यांना काय सांगू?" तर तो खाली बसला आणि मला लहान पोरीला सांगावं तसं सांगू लागला. तिकडचं गवत थंडीत जागं असतं. आपलं उन्हाळी, थंडीत झोपतं. झोपलेल्याला भोकं पाडली तर ती बुजवणार कोण? आता ऊन लागायला लागलंय, आपलं गवत डोळे उघडतंय. आत्ता भोकं पाडून वाळू भरली तर दोन-तीन आठवड्यांत वाढून बुजवून टाकेल. स्पर्धेपर्यंत दिसणार पण नाही कुणाला. पण आत्ताच. प्रत्येक प्रदेशाचं गवत वेगळं, त्याचं वेळापत्रक वेगळं, आणि ते वेळापत्रक क्लब नाही ठरवत.

एवढं सगळं बोलून तो थांबला आणि म्हणाला, "हे ती माझ्यापेक्षा चांगलं सांगायची." ती म्हणजे कोण, ते नाही बोलला. खुर्चीबद्दल तर नक्कीच नव्हता बोलत.

मी रोज कपाटाच्या आरशासमोर भाषण म्हणते. काल त्यानं दारातून ऐकलं, आणि मला वाटतं तो हसला. किंवा ठसका लागला असेल. मी हसला असंच धरलंय.

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात लिहिली नव्हती, आनंदाच्या बातमीत मिसळायची नव्हती म्हणून. अध्यक्षांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलंय, स्पर्धेच्या दिवशी ग्रीन गालिच्यासारख्या नसल्या तर दुसरा माणूस बघू. आणि त्याच दमात सांगितलं, मेंबरांना विचारल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही. म्हणजे बघ. भोकं नाही पाडली तर गवत मरतं आणि नोकरी जाते. पाडली तर हुकूम मोडला म्हणून नोकरी जाते. खोली नोकरीबरोबरची आहे. या वयात मी माझं शिलाई मशीन डोक्यावर घेऊन कुठं जाऊ, तो विचार मी करत नाही. मी भाषणाचा विचार करते. भाषण चांगलं झालं की सगळं सुटेल.

होईलच चांगलं. तू फक्त ये. सभेच्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसलीस तरी चालेल. बोलू नकोस हवं तर.

आजी


रविवार, १२ मार्च, संध्याकाळ

भिंगरे गं,

झालं भाषण! काय सांगू तुला! हे पत्र घाईत लिहितेय, हॉलच्या मागच्या पायरीवर बसून, क्लबच्याच कागदावर. आत चहा चाललाय.

सगळा हॉल भरलेला. मी निळी साडी नेसलेली. माइक माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर होता, सेक्रेटरी धावत आला आणि त्यानं तो खाली केला. मी म्हटलं, "आधीच खाली ठेवायचा होता, मी काय रात्रीत वाढणार होते?" पहिला हशा तिथंच. मग मला जोरच चढला. मी टोपीचं सांगितलं. मी डोंगरातल्या गवताचं आणि आपल्या गवताचं सांगितलं. म्हटलं, दोन सुनांना एकाच वेळी उठवायला गेलात तर एक चहा करेल आणि दुसरी माहेरी निघून जाईल. बायका इतक्या हसल्या! मग मी रुमालातून मातीची कांडी काढली आणि पहिल्या रांगेत वास घ्यायला दिली. एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं. कांडी दातवाल्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही किडक्या दाढेला भोक का पाडता?"

ते म्हणाले, "दाढ वाचवायला."

"आणि पेशंट ओरडतो का?"

"ओरडतो की."

"मग ओरडा! पण भोक पाडू द्या!"

टाळ्या, भिंगरे. उभं राहून टाळ्या. अध्यक्षांनी स्वतः मला फुलांचा गुच्छ दिला आणि क्लबचं चित्र असलेला कप दिला. म्हणाले, "आजी, दर वर्षी तुम्हीच बोलायचं." मी इतकी हरखले की

मधेच सोडलं होतं. आता घरी आलेय.

चहानंतर सभा परत सुरू झाली. मी गुच्छ घेऊन खुर्चीवर बसले, आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय भोकंच होता. मला वाटलं, आता हो म्हणतील. ते म्हणाले, "आजींनी फार गोड सांगितलं. तर आता, भोकं स्पर्धा संपल्यावर. सहमत?" आणि हात वर. सगळे. डॉक्टरांचा पण. ते अजून हसतच होते, भिंगरे. हसता हसताच हात वर केला त्यांनी. माझ्याकडे बघून मान पण हलवली, जणू मीच सांगितलं होतं तसं करायला.

तुझा बाबा दाराशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेले, गुच्छ हातात. तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "आई, तू छान बोललीस." आणि बाहेर गेला.

म्हणून तुला लिहायचं होतं. तू कडू बोललीस, ते चिडले. मी गोड बोलले, ते हसले. आणि हात दोन्ही वेळा तेवढेच वर झाले. गेलं वर्षभर मी मनात म्हणत होते, पोरीनं जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं, जरा हसून सांगायला हवं होतं. मी हसून सांगून आले आज. आता तसं म्हणणार नाही.

गुच्छ बादलीत ठेवलाय. कप वर ठेवला, त्यात चहा प्यायची इच्छा नाही.

आजी


१६ मार्च

भिंगरे,

लहान पत्र. डोळ्यांना दिसत नाही नीट, आणि लिहायला चांगलं काही नाही. मला चांगलं काही नसलं की लिहिताच येत नाही, हे माझं मेलं वळण.

तळ्याजवळची ओंजळ आता परातीएवढी झालीय. पाचव्या ग्रीनवर बुरशीचे चट्टे आलेत, सकाळी कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. मेंबर येऊन बाबाला विचारतात, "हे काय चालवलंय?" तो म्हणतो, "बघतो साहेब." बघतोच आहे नुसता. काल तो त्या चट्ट्यांशेजारी आडवा झाला होता, गाल गवतावर टेकून. मी धावत गेले, म्हटलं काय झालं, चक्कर आली का. म्हणाला, "काही नाही. तापलीय." आजारी माणसाच्या कपाळाला हात लावतात तसा तो जमिनीला गाल लावून पडलेला.

तीन दिवस ताटाला हात नाही. चहावर आहे. तुझी आई असती तर तिनं त्याला चार शब्द सुनावले असते, माझ्यानं ते होत नाही, मी नुसती बडबडते.

आज पहिल्यांदा त्यानं विचारलं, "तिचं पत्र आलं का?" वर्षात पहिल्यांदा. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "नको यायला." मग जाऊन गेट उघडं आहे का ते बघून आला.

तू येऊ नकोस त्याच्यासाठी. माझ्यासाठी ये. मी तुला कधी काही मागितलं नाही, सुईत दोरा ओवण्याशिवाय. आता मागतेय. हात जोडते बघ, आणि हात जोडले की लेखणी धरता येत नाही, म्हणून इथंच थांबते.

आजी


२१ मार्च

भिंगरे,

बस आधी. उभ्यानं वाचू नकोस.

सोमवारी क्लब बंद असतो, तुला माहीत आहे. काल सोमवार. पहाटे मला घरघर ऐकू आली. मला वाटलं शेजारचा पंप. मग लक्षात आलं, हा आवाज मी ओळखते, तू मशीन चालवायचीस तेव्हाचा, तू गेल्यापासून ऐकला नव्हता एवढंच. पदर खोचून बाहेर धावले. तुझा बाबा पहिल्या ग्रीनवर होता, भोकं पाडायच्या मशीनमागे. मागे मातीच्या कांड्यांची रांगच रांग.

मी ओरडले, "अरे, परवानगी?"

तो म्हणाला, "आई, झेंडे काढ."

बास. मी झेंडे काढायला लागले. मग कांड्या फावड्यानं ओढायला लागले. मग वाळू. पाठ मोडली माझी, भिंगरे, आणि इतका आनंद मला गुच्छ घेताना पण झाला नव्हता! दुसरी ग्रीन, तिसरी, चौथी. वाळू पसरायची आणि खराट्यानं भोकांत लोटायची. मी लोटत होते आणि गात पण होते, कुणी ऐकायला नव्हतं. दुपारी तो माझ्या शेजारी बसून जेवला. दोनदा वाढून घेतलं. मी दुसरीकडे बघत वाढलं, नजर लागेल म्हणून.

आठवी ग्रीन संपत आली तेव्हा अध्यक्षांची गाडी आली. स्पर्धेचं काहीतरी बघायला आले होते, आणि समोर हे! चेहरा पांढरा, मग लाल. मी खराटा धरून मधे उभी राहिले. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. काल-परवा दर वर्षी बोला म्हणणारे. सरळ बाबाला विचारलं, "कोणी परवानगी दिली तुम्हाला?"

तुझ्या बाबानं मशीन बंद केलं. हात पँटला पुसले. मला वाटलं, आता म्हणेल, बघतो साहेब.

तो म्हणाला, "माझ्या मुलीनं दिली. गेल्या वर्षी. तुमच्याच हॉलमध्ये, तुम्ही पण होतात. मीच तेव्हा ऐकलं नाही."

मी साठ वर्षं ओळखते या पोराला, हा आवाज मला माहीतच नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "समितीसमोर या शुक्रवारी. खोलीचं पण बघावं लागेल." बाबा म्हणाला, "येतो. तोवर पाणी घालायला लागेल या भोकांना, दिवसातून दोनदा. ते मी घालतो." गाडी गेली.

तर आता असं आहे. शुक्रवारी काय होईल ते मला कळत नाही, आणि मी उगाच चांगलं होईल म्हणणार नाही, या वेळी नाही. डॉक्टर आज येऊन गेले. ग्रीनवर वाकून भोकं बघितली, हसले नाहीत. मला एवढंच विचारलं, "किती दिवसांत बुजतील म्हणालात?" न हसता बोललेलं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्याचा काय उपयोग होईल, देव जाणे. भोकं मात्र पडली. ती आता कुणी हात वर केले म्हणून बुजत नाहीत. ती गवतच बुजवेल, पाणी मिळालं तर आणि कुणी वाळू नीट लोटली तर. मी एकटी म्हातारी किती लोटणार?

भिंगरे, आठ ग्रीन झाल्या. नववी नाही केली. तळ्याजवळची. संध्याकाळी मी म्हटलं, "एवढी एक राहिली, उजेड आहे अजून, उरकून टाक." तो म्हणाला, "ती तिची आहे." मशीन तिथंच कडेला उभं केलंय, मेणकापड घालून. शुक्रवारच्या आत ये. शुक्रवारनंतर त्या ग्रीनवर आपल्याला पाऊल ठेवू देतील की नाही, सांगता येत नाही.

आणि एक लिहायचं राहिलं. काल दिवसभर तो मशीन वाकून चालवत होता. कंबरेत वाकून, म्हाताऱ्यासारखा. रात्री पाठीला तेल चोळताना मी रागावले, "अरे, त्याचा दांडा वर का नाही घेतलास? दोन स्क्रूचं काम. तो तिच्या उंचीला लावलेला आहे."

तो पालथाच पडून होता. उशीत तोंड घालून म्हणाला, "वर घेतला, तर ती आल्यावर परत खाली करावा लागेल."

आजी